सुगत, तुझा जे पिकअप खराब नव्हता

सुगत, ऐक. भराभर टाइप करतेय, चुका होतील, तू त्या काढत बसू नकोस. सांगायचं खूप आहे आणि सगळं एकदम बाहेर यायला बघतंय, म्हणून मेन गोष्ट आधीच सांगून टाकते. तुझा जे पिकअप खराब नव्हता. तो बेसवरचा, इंग्रजी J नावाचा. कधीच नव्हता. आणि मी म्हणायचे तसा तो स्वस्तातला फालतू मालही नव्हता. आपण दोघं इतके दिवस भांडलो, घसा कोरडा होईपर्यंत भांडलो, आणि दोघंही चुकलो. हे तुला फोन करून सांगता येत नाही याचा मला इतका राग येतोय ना, की काय सांगू.

हे मी आपल्या बँडच्या ब्लॉगवर टाकतेय. बोलतेय तुझ्याशीच, पण बाकीचेही वाचणार, आणि त्यातल्या निम्म्यांना बेस म्हणजे काय हे माहीत नाही. त्यामुळे मध्ये मध्ये थांबून समजावणार आहे. तुला ते आवडायचं नाही. "केतकी, तू गाण्याच्या आधी गाण्याचं भाषण करतेस," म्हणायचास. करते. आज तर करणारच. मध्ये तोडायला तू कुठे आहेस?

ताप आला म्हणून सुट्टी टाकलीस. "सोमवारी येतो, माझ्यासाठी एक तार आणून ठेव," असा एसएमएस केलास. मी विचारलं, कुठली, ई का ए? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. डेंग्यू होता हे मला नंतर कळलं. त्याबद्दल मी एवढंच लिहिणार. हॉस्पिटल, प्लेटलेट्स, कोणी किती धावपळ केली, ते सगळे सांगतातच आहेत. मला ते तुझं वाटतच नाही. तू म्हणजे मला कॅन्टीनमधला तू आठवतोस.

अ‍ॅन्युअल डेची ऑडिशन होती. हडपसरचं आपलं ऑफिस, टेबलं भिंतीला सरकवलेली, सांबाराचा वास, आणि तू कोणाचा तरी मागून आणलेला बेस गळ्यात घालून उभा. मी टेस्टिंगमधली, तू सपोर्टमधला, नावही माहीत नव्हतं. एचआरच्या मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमच्या गिटारला दोन तारा कमी आहेत का? तुटल्या?" आणि तू अगदी सरळ चेहऱ्याने म्हणालास, "नाही मॅडम, अजून आल्या नाहीयेत. अप्रेझलनंतर मिळतील." मी मागे माझी गिटार घेऊन उभी होते, इतकी जोरात हसले की मॅडमनी माझंही नाव लिहून घेतलं. तिथून आपला बँड. ड्रम्सला अभ्या आला, तो तर आपोआपच आला, कारण त्याला कोणीच घेत नव्हतं.

तर मंडळी, बेसला चारच तारा असतात. जाड्या. आवाज खालचा. गाण्यात तो असतो, पण तो ऐकलाय असं छातीठोकपणे सांगणारे फार कमी.

तो मागून आणलेला बेस ज्या सीनियरचा होता, तो पुढे ऑनसाइटला अमेरिकेला निघाला. आपण वाघोलीला त्याच्याकडे गेलो होतो, आठवतं? त्या अर्धवट बांधलेल्या सोसायटीत, जिथे लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता आणि त्यावर फळी. वर घरभर बॅगा उघड्या. त्याची बायको एकेक बॅग वजनकाट्यावर ठेवून बघत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "अहो, लोणचं जाणार का गिटार जाणार ते एकदा ठरवा, मला कुलूप लावायचंय." सीनियरने आधी बरणीकडे बघितलं, मग बेसकडे, आणि मग तुझ्याकडे. लोणचं गेलं. बेस तुला मिळाला. जिना उतरताना तू म्हणालास, "कैरीचे उपकार आहेत माझ्यावर." वर बेस हातात देताना सीनियरने घाईघाईत एवढंच सांगितलं होतं की बेस मूळचा इंडोनेशियाचा, पण त्यातला एक पिकअप त्याने चायनाचा आणून बसवलाय, स्वतः सोल्डर करून. आपण माना डोलावल्या. आपल्याला तेव्हा काय कळत होतं?

आता पिकअप. तारांच्या खाली जे काळे डबीसारखे तुकडे दिसतात, ते. आत चुंबक, आणि भोवती केसाइतकी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वर तार थरथरली की खाली करंट तयार होतो आणि तो अ‍ॅम्पमध्ये जातो. बेसचा आवाज कसा असणार हे निम्मं तिथेच ठरतं. तुझ्या बेसवर दोन होते. मधोमध पी पिकअप, दोन तुकड्यांचा, आवाज गोल, जाड, पोटात बसणारा. आणि मागे, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजजवळ, जे पिकअप, एक लांब पट्टी, आवाज कडक, थोडा नाकातून बोलल्यासारखा, पण प्रत्येक सूर सुटा सुटा. जे एकटा लावला की ट्यूबलाइट आणि कॉम्प्युटरचा मॉनिटर बघून गुणगुणायचा, ते वेगळंच. परवडणाऱ्या बेसमध्ये ही जोडी बरेचदा असते, म्हणजे एका वाद्यात दोन स्वभाव मिळतात. दोन्ही एकत्र लावले की गोलपणाही हवा आणि सुटेपणाही हवा, असा तो हिशोब.

फक्त तुझ्या बेसवर दोन्ही एकत्र लावले की आवाज पळून जायचा. एकटा पी, मस्त. एकटा जे, गुणगुण सोडली तर ठीक. दोन्ही लावा, की सगळा जाडपणा गायब, पत्र्याच्या डब्याला रबर लावून वाजवल्यासारखं. तुझं म्हणणं, "जे मेलेला आहे, पीला पण घेऊन मरतो, मी तो बंदच ठेवणार." माझं म्हणणं, "स्वस्तातला आहे, काढून टाक, चांगला बसव." यावर आपण रिक्षात भांडलो, मीटिंगमध्ये चॅटवर भांडलो, अभ्याच्या बहिणीच्या साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत भांडलो. वाढणारा माणूस मठ्ठा घेऊन उभा होता आणि तू त्याला विचारलंस, "तुम्हीच सांगा दादा, एखादा भाग चालत नसेल तर बंद ठेवावा का बदलावा?" तो म्हणाला, "मठ्ठा घेणार का नाही ते सांगा." खरं तर तोच एकटा शहाणा होता.

पण तुला "स्वस्तातला" हा शब्द लागायचा. ते मला उशिरा कळलं. कॅम्पातल्या त्या दुकानात तारा घ्यायला गेलो होतो, दुकानदाराने तुझा बेस उलटा करून मागचं लेबल वाचलं. "यूएसए नाही का?"

"इंडोनेशिया," तू म्हणालास.

"हां. शिकायला ठीक आहे."

"आम्ही सगळे शिकायलाच आहोत काका."

त्याला कळलंच नाही तू टोमणा मारलास ते. बाहेर येऊन चहाच्या टपरीवर मात्र तू माझ्यावर घसरलास, जसं काही मीच ते बोलले होते. "तू क्लायंटच्या दृष्टीने काय आहेस सांग. मेड इन इंडिया, परवडणारी. तिकडे कोणीतरी तुझं लेबल वाचून म्हणत असेल, टेस्टिंगला ठीक आहे. मग? तुझा पण पिकअप बदलायचा का? अगं, इंडोनेशियात कोणीतरी बाई शिफ्टला बसून ही तार गुंडाळली असेल. तिला पण टार्गेट असेल. तिचा पण मॅनेजर डोक्यावर उभा असेल. तिने नीट केलंय काम. मी नाही काढणार."

मी म्हटलं, "अरे मी पिकअपबद्दल बोलतेय, कामगार चळवळीबद्दल नाही."

तू म्हणालास, "तेच तर."

तुला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसानंतर ऑफिसमध्ये कोणी "आमच्याकडे रिसोर्सेस स्वस्त आहेत" म्हटलं की मला तुझा बेस आठवतो. हे मला तुझ्याकडून मिळालं. थँक्यू म्हणायचं राहिलं.

आणि त्याच दुकानातली, दुसऱ्या खेपेची गोष्ट, जी तू कधी मान्य केली नाहीस. भिंतीवरचा तो कोरियन बेस तू "सहज" उतरवून घेतलास. दोन्ही पिकअप फुल केलेस. एकच सूर वाजवलास, खालचा जी, आणि थांबलास. मी तुझा चेहरा बघितला. देवाशप्पथ, तसा चेहरा मी तुझा कधीच बघितला नव्हता. मग तू तो परत लावून टाकलास आणि खडकी येईपर्यंत बाइकवर एक अक्षर बोलला नाहीस. उतरल्यावर म्हणालास, "हा आवाज माझ्याकडे नाही." आणि लगेच, "पण मला नकोच आहे."

खोटं बोलत होतास. तुला हवा होता. आणि कशासाठी हवा होता तेही मला माहीत होतं, कारण त्याआधी एकदा तुझ्या घरी मी सगळं ऐकलं होतं.

खडकीच्या क्वार्टर्समधलं तुझं घर. काका म्हणजे सुगतचे बाबा, कारखान्यात आयुष्य गेलेलं, मूळचे भंडाऱ्याकडचे, त्यामुळे घरात अजून तिकडचीच बोली. तुझं मला फार भारी वाटायचं, माझ्याशी एक मराठी, दारातून आत पाऊल टाकलं की दुसरी, मध्ये एक सेकंदही लागायचा नाही. काकांचं भीमगीतांचं मंडळ आहे, गाणी ते स्वतः लिहितात, चाली पण त्यांच्याच. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत रोज एक कार्यक्रम. तू कॉलेजपासून मागे बसून साथ करायचास, आधी ढोलकवर, मग बेसवर. त्या दिवशी आदल्या रात्रीच्या कार्यक्रमाची चर्चा चालू होती. काकू पोहे घेऊन आल्या, आणि काका तुला म्हणाले, "ढोलक आयकू येते. पेटी आयकू येते. बँजो तं दोन गल्ल्या पलीकडे जाते. तू वाजवतं ते कुटी जाते?"

"खाली जाते बाबा."

"खाली म्हंजे कुटी?"

"पायात."

"मह्या पायात तं काही आलं नाही बापा."

सगळे हसलो. तू तर सगळ्यात जास्त हसलास. काका वाईट बोलत नव्हते, त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. ते पुढे माईकवर, तू मागे, कर्ण्याच्या स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, आणि वरून तू एकटा पी लावायचास, तोही टोनचं बटण बंद करून, म्हणजे आवाजाची वरची धारच कापून. स्टेशनपर्यंत मला सोडायला आलास तेव्हा हसणं संपलं होतं. म्हणालास, "बाबांना एकदा तरी ऐकू यायला पाहिजे यार. आवडलं नाही तरी चालेल. पण ऐकून मग नाही आवडलं पाहिजे."

मी म्हटलं, "मग जे लाव ना सोबत! जेमुळेच सूर सुटे होतात, तोच तर पुढे येतो."

"लावला की पळतो."

"म्हणून म्हणते, बदल."

"नाही."

झालं, परत तिथेच.

आता जे तुला माहीत नाही ते. माझा मावसभाऊ सुट्टीवर इकडे येणार होता, त्याला मी सांगून अमेरिकेतून एक जे पिकअप मागवला. आवाज तसाच, पण गुणगुण न करणारा. फोरमवर आठवडाभर वाचत बसले होते, कुठला चुंबक मऊ, कुठला कडक, कोणाची लांबी बसेल, कारण जे पिकअप दोन लांबींचे असतात आणि चुकीचा आला की लाकूड कोरावं लागतं. तुला सरप्राइज द्यायचं होतं. तुला न विचारता. हो, माहितीये, तू चिडला असतास, आणि मी चिडवलं असतं, आणि मग आपण बसवला असता. भाऊ पिकअप घेऊन आला तेव्हा तू अ‍ॅडमिट होतास.

तू गेल्यावर काही दिवसांनी काकूंचा फोन आला. "पोरी, येऊन जाय." मी गेले. तुझा बेस भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यावर काकूंची जुनी ओढणी, धूळ बसू नये म्हणून. काका खुर्चीत. बारीक झालेत. म्हणाले, "रविवारी पुण्यानुमोदन आहे. आपल्या विहारात. मी त्याच्यासाठी गाणं लिवलं आहे." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बौद्ध घरांमध्ये गेलेल्या माणसासाठी हा कार्यक्रम करतात, त्रिसरण, पंचशील होतं, लोक त्याच्याबद्दल बोलतात. मला वाटलं काकांचं बोलणं झालं. आणि मग, "त्याचं ते तू वाजवशीन का? तुले येते म्हने थोडं. मले एकदा आयकायचं आहे, तो काय वाजवे ते. तो वाजवे तसंच वाजव, बस."

सुगत, तुला कळतंय का मला काय झालं ते? "तो वाजवे तसंच." तू वाजवायचास तसं वाजवलं, म्हणजे एकटा पी, टोन बंद, तर काकांना परत काहीच ऐकू येणार नाही. शेवटचा चान्स, आणि पायातसुद्धा जाणार नाही. आणि ऐकू यावं म्हणून पिकअप बदलला, तर ते तुझं कुठे राहिलं? ते तर माझं झालं. मी वाद जिंकले, समोरचा माणूस नसताना.

अभ्याला सांगितलं. आपला अभ्या, ज्याला कशाचंच काही नसतं, तो एकदम पेटला. "हात लावायचा नाही केतकी. जसा आहे तसा. त्याने नाही म्हटलं होतं ना? शंभर वेळा नाही म्हटलं होतं. आता तो नाही म्हणून तू करणार?"

"पण काकांना ऐकू नाही येणार!"

"मग नाही येणार. सगळ्यांना सगळं ऐकू येतंच असं नाही."

आणि फोन ठेवला. मी रडले, मग चिडले, मग परत रडले, मग ठरवलं की निदान बसवून बघू, नाही पटलं तर काढून टाकू.

गुरुवारी रजा टाकली. आणि मी विसरले की गुरुवार आहे! पुण्यात राहून! सोल्डरिंग गन लावली, तारा मांडल्या, आणि लाइट गेली. गुरुवारची, दर आठवड्याला दुरुस्तीसाठी बंद ठेवतात ती. संध्याकाळीच येणार. मी उघडा बेस मांडीवर घेऊन बसून राहिले, आणि तो बसून राहण्याचा वेळ सगळ्यात वाईट होता, कारण हाताला काही काम नव्हतं. आणि सगळ्यात चांगला पण तोच होता. तुझ्या बेसवर मधल्या पिकअपच्या कडेला जिथे तुझा अंगठा टेकायचा तिथे लाकडावरचं पॉलिश उडालंय. मी माझा अंगठा ठेवून बघितला. तुझा हात मोठा होता, मला पुढे ताणावं लागलं. जाऊ दे.

लाइट आली. तुझा जे सोडवून बाजूला ठेवला, अमेरिकेचा नवा जोडला, दोन्ही फुल केले, आणि वाजवलं.

पत्र्याचा डबा.

तोच! तस्साच! नवाकोरा, इतका वाचून वाचून निवडलेला पिकअप, आणि सोबत लावला की आवाज पळाला! म्हणजे जे मेलेला नव्हताच. मग फोरम उघडला, आणि तिथे कोणीतरी कुठल्या तरी देशातला आपल्यासारखाच विचारून गेलेला होता. दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे पिकअप एकत्र लावले की कधी कधी असं होतं. तुझा पी चायनाचा, सीनियरने बसवलेला. जे मूळचा इंडोनेशियाचा. एकाने तार ज्या बाजूला गुंडाळली, दुसऱ्याने त्याच्या उलट. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण एकत्र वाजताना एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. बंद पडलेल्या मारुतीला एक जण मागून धक्का देतोय आणि दुसरा बॉनेटवरून, दोघं घामाघूम, आणि गाडी जागेवर. उपाय काय? एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल. बस. दोन टाके. काही काढायचं नाही, काही नवीन आणायचं नाही.

मी अमेरिकेचा काढला. तुझा इंडोनेशियाचा परत बसवला, फक्त तारा उलट्या जोडल्या. दोन्ही फुल. खालचा जी.

सुगत. तो दुकानातला आवाज. तो तुझ्याकडेच होता. पहिल्या दिवसापासून तुझ्याकडे होता, वाघोलीच्या त्या फळीवरून उतरलास तेव्हापासून. मी एवढी ओरडले की आई धावत आली. मी म्हटलं, "आई, आम्ही दोघं गाढव आहोत!" आणि मग "आहोत" वर अडकले.

अभ्याला बोलावलं, एक शब्द न सांगता वाजवून दाखवलं. त्याने वाकून बेसकडे बघितलं आणि म्हणाला, "हा त्याचाच पिकअप?" म्हटलं, त्याचाच. म्हणाला, "मग काय बोलणार." आणि रविवारी माझा अ‍ॅम्प त्यानेच उचलून आणला, तेही न कुरकुरता, हे नोंदवून ठेव.

पण खरं सांगू? विहारात बसेपर्यंत मला खात्री नव्हती. सगळे पांढऱ्या कपड्यात, बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्त्या, बाजूला तुझा फोटो, आपल्या ऑफिसच्या आयकार्डवरचा मोठा करून आणलेला, त्यात तू इतका सभ्य दिसतोस की तुझ्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. लोक बोलले. तुझा टीम लीड आला होता, त्याला दोन वाक्यं पण नीट बोलता आली नाहीत, मला तो पहिल्यांदा आवडला. मग काकांनी पेटी पुढे ओढली. एक ढोलकवाले काका, मी, बस. कर्णा नको म्हटलं होतं मी, माईकच नको. छोटा हॉल, अ‍ॅम्प काकांच्या बाजूलाच ठेवला.

तू जयंतीला त्यांच्या त्या ठेक्यावर जे वाजवायचास ना, तेच घेतलं. तुझ्याच जागा. जिथे तू एक सूर सोडून द्यायचास तिथे मी पण सोडला, तुझी ती आळशी जागा, मी म्हणायचे तू झोपतोस तिथे. दोन्ही पिकअप फुल. काका गायला लागले. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याला त्यांचा आवाज जरा हलला, मला वाटलं रडू येतंय. पण ते माझ्या हाताकडे बघत होते. कडवं संपायच्या आधीच त्यांनी पेटीचा भाता सोडला. ढोलक थांबलं. सगळे बघायला लागले.

"असं वाजवे तो?"

मला वाटलं आता खरं सांगायला पाहिजे, तारा, चायना, इंडोनेशिया, सगळं. पण त्यांना पिकअपबद्दल कुठे विचारायचं होतं. मी म्हटलं, "असंच वाजवायचा काका. अगदी असंच. ऐकू आज आलं फक्त."

काकांनी पेटी बाजूला सरकवली. "पुन्हा वाजव. पह्यल्यापासून. आता मी गात नाही, मी गायलो तं त्याच्या मधात येतो."

म्हणून मी वाजवलं, सुगत. एकटीने. गाणं नाही, पेटी नाही, ढोलक नाही. एवढा हॉल भरलेला आणि नुसता बेस. कोणाला समजत नव्हतं आपण काय ऐकतोय, तरी कोणी हललं नाही. काका डोळे मिटून बसले होते, आणि त्यांचे ओठ हलत होते, आवाज न काढता, त्यांचे शब्द तुझ्या सुरांवर बसवून बघत होते. तुझ्या त्या सोडलेल्या जागेला त्यांनी मान हलवली. तिथेच. झोपतोस म्हणायचे मी ती जागा. ती परत घेते. तू झोपत नव्हतास.

संपल्यावर त्यांनी मागे वळून काकूंना विचारलं, "आयकू आलं का वं तुले?"

काकू दाराजवळ उभ्या होत्या, आलेल्या लोकांसाठी पाण्याचा जग हातात घेऊन.

"मले तं रोजच ये," त्या म्हणाल्या. "तो खोलीत वाजवे अन् इकडे मांडणीवरची भांडी वाजत."

काका त्यांच्याकडे पूर्ण वळले. "कदी सांगितलं नाही तं?"

"तुमी इचारलं नाही." काकूंनी जग खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन सतरंजीवर मांडी घालून बसल्या. "वाजव पोरी. आता मी बसून आयकतो."